दोन गुणांनी पुढे

सातवीच्या वर्गाची हजेरी घेताना बाई एका नावापाशी थांबत. ते नाव त्या घेत नसत आणि गाळतही नसत. एक श्वास घ्यायला लागतो तेवढा वेळ जाई, मग पुढचं नाव. ही खोड त्यांच्या जिभेला आपोआप लागली होती आणि वर्गाच्याही अंगवळणी पडली होती. यंदा दुसऱ्या शाळेतून आलेली एक मुलगी पहिल्याच दिवशी त्या मधल्या जागेत चुकून "हजर" म्हणून बसली, तेव्हा सगळा वर्ग तिच्याकडे असा वळला की बिचारीचा चेहरा पांढराफटक पडला. तिला कोणी काही समजावून सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तीही गप्प राहायला शिकली.

नाव होतं लाँड्रीवालीच्या मुलीचं. घरी तिला धाकटी म्हणत, म्हणून शाळेतही ती धाकटीच. पाचवीनंतरच्या सुट्टीत तिला ताप आला आणि बघता बघता होत्याचं नव्हतं झालं. शाळा उघडली तेव्हा तिचा बाक जागेवर होता, तिची बाकावर कोरलेली वेलबुट्टी जागेवर होती, धाकटी तेवढी नव्हती.

आता मेलेल्या माणसाचं नाव कमी करायला असं काय लागतं, असं कोणत्याही शहाण्याला वाटेल. पण शिक्षण कार्यालयाला शहाणं समजण्याची चूक कोणी करू नये. तिथला नियम असा, की आईबापांनी स्वतः मृत्यूचा दाखला आणून दिला तरच नाव कमी होतं. दाखला आला नाही, तर मूल नुसतं गैरहजर. आणि गैरहजर मुलाच्या निकालाची जागा कोरी ठेवायची नाही. कोऱ्या जागेने शाळेची सरासरी बिघडते, शाळेची बिघडली की विभागाची बिघडते, आणि विभागाची बिघडली की मोठ्या साहेबांची झोप उडते. साहेबांच्या झोपेसाठी कार्यालयात एक अंदाज विभाग काढलेला होता. गैरहजर मुलांचे गुण तो अंदाजाने भरून देई. आजारपणात एखादी परीक्षा बुडालेल्या मुलांसाठी केलेली ती सोय. तिच्यात कोणी कायमचं राहायला येईल, हे करणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

लाँड्रीवालीने दाखला आणला नाही. धाकटी सहावीत गेली. सहावी पास झाली. सातवीत आली.

दर परीक्षेनंतर कार्यालयातून छापील प्रगतिपुस्तकं येत. गुण, खाली उंची आणि वजन, त्याखाली शेरा. शेरेही तिकडूनच येत. यंत्रात ठरलेली वाक्यं होती, हजेरी आणि गुण पाहून ते त्यातलं एक निवडून छापी. धाकटीच्या पुस्तकात छापून आलं, "वर्गात शांत असते. स्वतःहून बोलण्यास उत्तेजन द्यावे." बाईंनी ते वाचलं आणि त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. नंतर त्यांची नजर उंचीवर गेली. अंदाज विभागाने काही म्हणता काही कोरं ठेवलं नव्हतं. धाकटीची उंची वाढली होती.

त्या तशाच उठून मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. मुख्याध्यापक भला माणूस, पण भिंतीवर शाळेचा दर्जा दाखवणारी हिरवी पट्टी लागल्यापासून त्यांचा जीव त्या पट्टीत अडकलेला. पट्टी पिवळी झाली असती तर त्यांना कावीळच झाल्यासारखं वाटलं असतं.

"अहो, सही करून टाका," ते म्हणाले. "आपण काय खोटं लिहिलंय? त्यांनी लिहिलंय."

"सर, ती मुलगी गेलीय."

"ते मला ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे. कागदाला ठाऊक नाही. आणि खरं सांगू का? या शाळेत इतकी गुणी मुलगी दुसरी नाही. ना दंगा, ना तक्रार."

हे बोलून ते हसायला गेले आणि त्यांना हसू आलं नाही. बाईंनी सही केली. करणार काय? पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेतं?

निकालाच्या दिवशी लाँड्रीवाली इतर पालकांबरोबर रांगेत उभी राही. हातावर इस्त्रीच्या चटक्यांचे जुने डाग, केस चापूनचोपून बसवलेले. पुस्तक घेऊन ती तिथेच उभ्याने अक्षर न् अक्षर वाची. मग मान वर करून दर वेळी तेच विचारी.

"त्रास नाही ना देत वर्गात?"

आणि बाई म्हणत, "नाही हो."

ते दोन शब्द बाईंना घरी गेल्यावर छळत. भाजी चिरताना, दात घासताना आठवत. कधी कधी वर्गात फळ्याकडे तोंड असताना त्यांना वाटे, मागे सगळे बाक भरलेत. वळून पाहण्याआधी त्या जरा थांबत.

धाकटीच्या बाकावर पूर्वी तिच्या शेजारी बसायची ती सुताराची मुलगी. दोघींचं मेतकूट असं, की एकीला खोकला झाला तर दुसरी गोळी खाई. अभ्यासातही दोघी उन्नीस-बीस. पाचवीच्या परीक्षेत सगळ्या विषयांत बरोबरी, गणितात तेवढी धाकटी दोन गुणांनी पुढे. म्हणून धाकटी पहिली आणि ही दुसरी. तेव्हा दोघी हातात हात घालून नाचल्या होत्या.

धाकटी गेली, तरी सुताराची मुलगी दुसरीच राहिली. सहावीत दुसरी. सातवीच्या पहिल्या परीक्षेत दुसरी. आणि सातवीत या दुसरेपणाला किंमत होती. मोठ्या गावातलं विद्यालय दर शाळेतून सातवीत पहिल्या आलेल्या एकाच मुलाला घेई. राहणं, जेवण, पुस्तकं, पुढचं सगळं शिक्षण त्यांच्याकडे. पहिला आलेला गेला नाही तर जागा रद्द, दुसऱ्याला द्यायची पद्धतच नाही. सुताराच्या छातीत लाकडाचा भुसा बसलेला. करवत चार वेळा ओढली की तो धापा टाकत ओंडक्यावर बसे. लेकीला सातवीपुढे शिकवणं त्याच्या हातात नव्हतं, हे तो लपवतही नसे. त्या मुलीला ती जागा मिळाली तरच ती शिकणार, नाहीतर रंधा मारायला बापाच्या शेजारी बसणार.

पोर जिवाच्या आकांताने अभ्यास करत होती. सहामाहीला तिने गणितात असे गुण मिळवले की बाईंनीच दोनदा बेरीज करून पाहिली. निकाल आला. धाकटीला तिच्यापेक्षा दोन जास्त.

मधल्या सुट्टीत ती बाईंच्या टेबलापाशी आली. डोळ्यांखाली काळं झालेलं.

"बाई, मी अजून किती अभ्यास करू?"

 बाईंच्या मनात एक गोष्ट खटकली, आणि इतके दिवस खटकली नाही म्हणून स्वतःचाच राग आला. दोन. दर वेळी दोनच कसे?

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या अंदाज विभागात गेल्या. खोलीत चार यंत्रं, एक कुंडी आणि एक तरुण कारकून. तो इतक्या आनंदाने उठून उभा राहिला, की त्याच्याकडे आजवर कोणी काही विचारायलाच आलं नसावं.

"सोपं आहे, मॅडम. आम्ही प्रत्येक गैरहजर मुलाला एक सोबती जोडून देतो. पूर्वी ज्याच्याशी त्याचे गुण सगळ्यात जास्त जुळत होते, तो सोबती. मग सोबत्याला जे पडतील त्यावरून याचे. पूर्वीचा फरक असेल तो तसाच ठेवायचा. म्हणजे कोणावर अन्याय नको."

"धाकट... या मुलीची सोबती कोण?"

त्याने पाहून सांगितलं. बाईंना सांगायची गरज नव्हती.

"म्हणजे ती जितकी पुढे जाईल..."

"तितकी हीसुद्धा पुढे जाईल. अगदी बरोबर!"

"आणि सोबतीला पैकीच्या पैकी पडले तर?"

"तर दोघी बरोबरीत. बरोबरीत पूर्वी जी पुढे असेल तिला पहिली धरतात." तो समाधानाने हसला. "सगळा विचार केलेला आहे."

बाईंना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मग वाटलं, हे लेकरू काय करणार, याला कुठे माहीत आहे ती मुलगी कुठे आहे ते. त्यांनी सांगितलं. त्याचं हसू जागच्या जागी विरलं. तो हळू आवाजात म्हणाला, "दाखला आणा, मॅडम. शेवटचा निकाल लागायच्या आत आणा. मी त्याच मिनिटाला काढतो."

तिथून बाई तडक लाँड्रीकडे निघाल्या. वाटेत त्यांनी वाक्यं जुळवून ठेवली होती. ताई, मला तुमचं दुःख कळतं. ताई, पण एका जिवंत मुलीचं नुकसान होतंय. असं म्हणायचं, मग तसं म्हणायचं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. वाफेचा आणि तापल्या कापडाचा वास. लाँड्रीवालीने हातातली इस्त्री उभी करून ठेवली आणि पुढ्यातली खुर्ची पुसली.

"बसा ना, बाई. धाकटीचं काही?"

बाई बसल्या आणि त्यांचं लक्ष तिच्या पाठीमागच्या खुंटीकडे गेलं. तिथे शाळेचा गणवेश टांगलेला होता. कडक इस्त्रीचा, कॉलर ताठ. नवाच होता. आणि पाचवीतल्या धाकटीला तो अंगात घातला असता तर घोट्यापर्यंत आला असता.

लाँड्रीवालीने त्यांची नजर पाहिली.

"पुस्तकात उंची लिहून येते ना, तिच्यावरून बेतते," ती म्हणाली. "गेल्या वर्षीचा खांद्यात कमी पडला असता. यंदा जरा सैलच ठेवलाय. या वयात मुली झपाट्याने वाढतात."

 जुळवून आणलेलं एकही वाक्य बाईंच्या तोंडातून बाहेर येईना. जाताना त्या कसंबसं एवढंच म्हणाल्या, "ताई, तो दाखला... कधीतरी..."

"सातवी होऊ दे," लाँड्रीवाली म्हणाली, आणि इस्त्री पुन्हा हातात घेतली. "एवढं वर्ष होऊ दे तिचं."

बाईंची हिंमत झाली नाही. आईला खरं सांगता आलं नाही, आणि पोरीपासून लपवणंही सोसवेना, म्हणून त्यांनी पोरीलाच सांगून टाकलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, त्यातलाच प्रकार. त्यांना वाटलं, निदान तिच्या मनावरचं ओझं तरी उतरेल.

"तुझा अभ्यास कमी पडत नाही गं," त्या म्हणाल्या. "तिचे गुण तुझ्याच गुणांवरून काढतात. तुझे वाढले की तिचे वाढतात."

 मुलगी म्हणाली, "म्हणजे मी जितकी पळेन तितकी ती पळणार?"

"हो."

"तिला थांबता येत नाही?"

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिने विचारलेल्या प्रश्नाकडे त्यांचं नीट लक्षच गेलं नाही.

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर गणिताचा. पर्यवेक्षणाला बाईच होत्या. सुताराची मुलगी पेनाला टोपण लावून, हाताची घडी घालून बसली होती. बाई तिच्याजवळून दोनदा गेल्या. "लिही की गं," त्या कुजबुजल्या. तिने मान हलवली. चेहऱ्यावर रडू नाही, राग नाही. उलट खूप दिवसांनी पोटभर झोपून उठलेल्या माणसासारखा चेहरा. घंटा झाली. तिने कोरा पेपर बाईंच्या हातात दिला आणि निघून गेली.

प्रगतिपुस्तकं आली. सुताराच्या मुलीला गणितात शून्य. धाकटीला दोन. शून्याच्याही दोन पुढे! दोघींच्या पुस्तकावर लाल शिक्का, "नापास". धाकटीच्या शेऱ्यात छापलेलं, "अभ्यासाकडे दुर्लक्ष. फेरपरीक्षेस बसावे. पालकांनी शाळेत भेटावे."

लाँड्रीवाली भेटायला आली. रांग मोडून, लोकांना बाजूला सारत थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरली. बाई तिच्या मागोमाग धावल्या.

"हे काय आहे?" तिने पुस्तक टेबलावर आपटलं. "दोन? गणितात माझ्या मुलीला दोन? गिऱ्हाइकांचे हिशेब ती तोंडी करायची. बोटंसुद्धा मोजत नव्हती. पेपर कोणी तपासला? मला तिचा पेपर दाखवा."

मुख्याध्यापकांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी उगाच खण उघडला आणि बंद केला.

"दाखवा ना! पालकाला पेपर बघता येतो, बाहेर पाटीवर लिहिलंय तुम्ही. आणा तिचा पेपर."

कोणी हललं नाही. बाहेर रांगेतले पालक बोलायचे थांबले होते. लाँड्रीवालीने एकदा सरांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. तिचा हात टेबलावर पसरून तसाच राहिला होता. मग तिचा आवाज खाली आला.

"ती नापास होऊच शकत नाही," ती म्हणाली. "ती मेलीय, बाई. मेलेलं माणूस कसं नापास होईल?"

तिने ते आजवर कोणापुढे उच्चारलं नव्हतं. बाईंनी तिला धरून खुर्चीवर बसवलं. दारात सुताराची मुलगी उभी होती. तीही बापाबरोबर निकालाला आली होती आणि सगळं ऐकत होती.

"काकू, मी कोरा दिला म्हणून तिला दोन पडले," ती म्हणाली.

"तू का कोरा दिलास?"

"तिचे गुण माझ्यावरून काढतात. दोन वर्षं झाली. मी कितीही केलं तरी ती पुढेच. मला राग नव्हता येत, काकू. पण मी फार दमले. म्हटलं, मी थांबले की तीपण थांबेल. तीपण दमली असेल ना?"

लाँड्रीवाली त्या मुलीकडे बघत राहिली. तिची उंची, तिचे खांदे, आखूड झालेल्या बाह्यांतून बाहेर आलेली तिची मनगटं. बाईंना कळलं, ती काय बघतेय ते, आणि त्यांना खिडकीबाहेर पाहावं लागलं.

त्याच दिवशी दुपारी लाँड्रीवाली दाखला घेऊन आली. तो तिच्याकडे पहिल्यापासून होता. मुख्याध्यापकांनी तो वाचला, हिरव्या पट्टीकडे पाहिलं, एक उसासा टाकला आणि शिक्का मारला. माणूस भला होता, म्हटलं ना मी.

"आता काय होईल?" लाँड्रीवालीने विचारलं.

"नाव कमी होईल. आणि अंदाजाने भरलेले निकाल रद्द होतील. सहावीचा, सातवीचा. पाचवीपर्यंतचे तेवढे राहतील."

"पाचवीपर्यंतचे तिचे होते," ती म्हणाली. "बाकीचे या पोरीकडून काढून घेतलेले. जिचे तिला देऊन टाका."

तसं देता येत नव्हतं. अंदाज विभागातल्या त्या कारकुनाने मात्र शब्द पाळला आणि कागद पोचताच नाव काढून टाकलं. अंतिम निकाल फेरपरीक्षेनंतरच लागतो, हा त्या कार्यालयाचा एकमेव शहाणा नियम सुताराच्या मुलीच्या कामी आला. एका मोकळ्या वर्गात ती एकटीच फेरपरीक्षेला बसली. या वेळी तिने मान वर न करता लिहिलं. पुरवणीसुद्धा मागितली.

निकाल आला तेव्हा बाई पुस्तक हातात घेऊन स्वतः पायऱ्या उतरून अंगणात गेल्या. इतक्या दिवसांत त्यांना प्रथमच मोकळं वाटत होतं.

"पहिली," त्या म्हणाल्या. "जागा तुझी. अगं, पहिली आलीस तू!"

मुलीने पुस्तक उघडलं, गणिताच्या गुणांवर बोट ठेवलं आणि सवयीने विचारलं, "आणि तिला किती?"

"तिला काही नाही, बाळ."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

 मुलगी मटकन पायरीवर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. छाती फुटेल असं, मोठ्याने, शाळेतल्या सगळ्या खिडक्यांतून माणसं डोकावतील असं. धाकटी गेली तेव्हा ती रडली नव्हती. गेलेल्या माणसासाठी रडतात, आणि तिची मैत्रीण तर दर परीक्षेला येत होती.

फाटकाशी सुतार उभा होता. लेक पहिली आली हे त्याला कोणीतरी आत जाताना सांगितलं होतं. तो हसत हसत दोन पावलं पुढे आला आणि थांबला. ती का रडतेय, हे त्याला कळेना.